कल्पना सुचल्यापासून ती चालू होईपर्यंत: नवख्यांसाठी एक वाट

इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी ‘डिफरन्स इंजिन क्रमांक २’ या गणकयंत्राचे आराखडे १८४७ ते १८४९ या काळात काढले. यंत्र मात्र उभं राहिलं १९९१ साली, लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये. ते बांधणाऱ्यांनी सुटे भाग मुद्दाम एकोणिसाव्या शतकात साधली असती तेवढ्याच अचूकतेचे घडवले, आणि यंत्राने बरोबर उत्तरं दिली. कल्पना खरी होती, आराखडा खरा होता आणि त्या काळची कारागिरीही पुरेशी होती.

मग अडलं कुठे? त्याआधीच्या पहिल्या डिफरन्स इंजिनकडे पाहिलं की कळतं. ब्रिटिश सरकारने १८२३ पासून त्याला पैसा दिला आणि तो पुढे १७,००० पौंडांच्या वर गेला. १८३२ मध्ये यंत्राचा एक छोटा भाग जोडून झाला, तो व्यवस्थित चालतही होता. पण १८३३ मध्ये मुख्य कारागीर जोसेफ क्लेमेंट यांच्याशी बिनसलं आणि काम थांबलं. त्यानंतर बॅबेज त्याहून कितीतरी मोठ्या ‘अ‍ॅनालिटिकल इंजिन’च्या मागे लागले. १८४२ मध्ये सरकारने हात काढून घेतला.

आजही कल्पना याच जागी अडकतात: सगळं एकाच कारागिरावर अवलंबून असतं, हातातलं पुरं होण्याआधी पुढचं मोठं काहीतरी सुचतं आणि कुणाच्या उपयोगी पडेल असं काही तयार होण्याआधी पैसा संपतो. नवख्या माणसाला वाटतं, आपल्याला कोडिंग येत नाही किंवा भांडवल नाही म्हणून अडलंय. तेही खरं असतं. पण माझ्या मते मोठी अडचण आधीची आहे. कल्पना एका वाक्यात मावते; ती चालवायला शेकडो बारीकसारीक गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि त्या ठरवायच्या राहिल्यात हेच आपल्याला दिसत नसतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या गोष्टी लवकर आणि स्वस्तात दिसाव्यात यासाठी आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ: घरातल्या वयस्कर माणसाने वेळेवर गोळी घेतली की नाही, हे दूर राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला कळवणारं अ‍ॅप.

पायरी १: कल्पना एका प्रसंगात लिहा

‘आरोग्यासाठी स्मार्ट प्लॅटफॉर्म’ असं लिहिलंत तर त्यातून काहीच हाती लागत नाही. एक माणूस घ्या, एक वेळ घ्या आणि काय घडतं ते लिहा. उदाहरणार्थ: ‘रात्रीचे नऊ वाजलेत. आईची रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ झाली. तिच्या फोनवर आठवण वाजते. ती गोळी घेते आणि “घेतली” हे बटण दाबते. मुलीच्या फोनवर हिरवी खूण दिसते. साडेनऊपर्यंत बटण दाबलं गेलं नाही, तर मुलीला सूचना जाते.’

सहा-सात वाक्यं पुरतात. यात ‘एआय’, ‘क्लाउड’, ‘ब्लॉकचेन’ यातला एकही शब्द येऊ देऊ नका. तंत्र कोणतं वापरायचं हे नंतर ठरतं. ते शब्द काढल्यावर प्रसंगात काही उरलंच नाही, तर समजा की कल्पना अजून सुचायची आहे.

पायरी २: आज लोक काय करतात ते बघा

या अडचणीवर लोकांनी काही ना काही उपाय काढलेलाच असतो. कुणी गोळ्यांची आठवड्याची डबी वापरतं, कुणी रोज रात्री फोन करतं, कुणी रिकामं पाकीट मोजतं. तुमची खरी स्पर्धा या सवयींशी आहे.

त्या लोकांना भेटा आणि घडलेल्या गोष्टींबद्दल विचारा. ‘असं अ‍ॅप आलं तर वापराल का?’ या प्रश्नाला बहुतेक जण भिडेखातर ‘हो’ म्हणतात, आणि त्या होकाराचा काही उपयोग नसतो. त्याऐवजी ‘मागच्या महिन्यात गोळी कधी चुकली? कशी लक्षात आली? मग काय केलंत?’ असं विचारा. ‘चुकते खरी, पण काही केलं नाही’ असं उत्तर वारंवार आलं, तर ती अडचण लोकांना फारशी टोचत नाही असा त्याचा अर्थ.

पायरी ३: न ठरलेल्या गोष्टींची यादी करा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. पहिल्या पायरीतला प्रसंग समोर ठेवा आणि प्रत्येक वाक्यापुढे थांबून विचारा: ‘हे असं झालं नाही तर?’

‘रात्रीचे नऊ वाजलेत.’ कुणाच्या घड्याळात? मुलगी दुसऱ्या देशात असेल तर तिचे नऊ वेगळे. आणि गोळी ‘जेवणानंतर’ घ्यायची असेल तर जेवण झालं हे फोनला कसं कळणार?

‘फोनवर आठवण वाजते.’ फोन सायलेंटवर असेल तर? चार्जिंग संपलं तर? आई शेजारच्या घरी आणि फोन उशीजवळ असेल तर?

‘ती गोळी घेते आणि बटण दाबते.’ बटण दाबलं याचा अर्थ गोळी पोटात गेली असा होत नाही. आवाज बंद व्हावा म्हणूनही कुणी बटण दाबेल. उलट, गोळी घेतली पण बटण राहिलं, तर? अर्ध्या तासाने पुन्हा आठवण वाजायची सोय ठेवली, तर ती दुसरी गोळी घेईल का? या एका प्रश्नावर थोडं थांबा. आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपमुळे कुणी दुप्पट औषध घेतलं, तर ते अ‍ॅप नसलेलंच बरं. ‘पुन्हा आठवण’ या साध्या वाटणाऱ्या सोयीत एवढा धोका दडलेला आहे, आणि मूळच्या एका वाक्यात तो कुठेही दिसत नव्हता.

‘मुलीच्या फोनवर हिरवी खूण दिसते.’ आईच्या फोनला इंटरनेट नसेल तर खूण दिसणार नाही. मग मुलीला काय दाखवायचं? ‘घेतली नाही’ दाखवलं तर ती घाबरेल. काहीच दाखवलं नाही तर तिला वाटेल सगळं ठीक आहे. इथे तिसरी स्थिती लागते, ‘माहीत नाही’. ती तुमच्या स्क्रीनवर वेगळी दिसायला हवी, डेटाबेसमध्येही वेगळी नोंदवायला हवी.

एका प्रसंगातून असे तीस-चाळीस प्रश्न सहज निघतात. सगळ्यांची उत्तरं लगेच द्यायची नाहीत. प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा: आत्ता ठरवलं, नंतर ठरवू, पहिल्या आवृत्तीत करणारच नाही. शेवटचा गट मोठा असू द्या. ‘पहिल्या आवृत्तीत फक्त ठरलेल्या वेळेची औषधं, एकच वयस्कर माणूस, एकच नातेवाईक’ एवढं ठरवलंत तरी निम्मे प्रश्न गळून पडतात.

पायरी ४: कुठे मोडेल ते आधी शोधा

यादीतल्या काही गोष्टी फसल्या तर दुरुस्त करता येतात. एक-दोन अशा असतात की त्या फसल्या तर सगळीच कल्पना बसते. काम तिथून सुरू करा. आपला कल नेमका उलटा असतो: लोगो, नाव, लॉगिनची स्क्रीन यांसारख्या जमणाऱ्या गोष्टी आपण आधी करतो, त्यातून पुढे सरकल्याचं समाधान मिळतं आणि अवघड प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

राइट बंधूंची कामाची पद्धत या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. १९०० पासून त्यांनी आधी इंजिन नसलेली विमानं उडवली, कारण हवेत गेल्यावर विमान ताब्यात कसं ठेवायचं हा त्यांना खरा अवघड प्रश्न वाटत होता. १९०१ च्या ग्लायडरला हिशोबापेक्षा कमी उचल मिळाली, तेव्हा त्यांनी स्वतः एक वायुबोगदा बनवला आणि पंखांचे सुमारे २०० नमुने त्यात तपासले. इंजिन आलं शेवटी, १९०३ मध्ये. त्याच काळात विमान बनवू पाहणारे अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युअल लँग्ली यांच्याकडे अमेरिकेच्या युद्ध खात्याचे ५०,००० डॉलर होते आणि राइट बंधूंपेक्षा कितीतरी ताकदवान इंजिन होतं. त्यांचं विमान ऑक्टोबर आणि डिसेंबर १९०३ मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत कोसळलं. दुसऱ्या अपघातानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबरला, राइट बंधू उडाले.

आपल्या अ‍ॅपमध्ये ‘इंजिन’ म्हणजे सुंदर स्क्रीन, आणि ‘ताबा’ म्हणजे नऊ वाजता आठवण खरोखर वाजणं. अँड्रॉइडवर हे वाटतं तितकं सरळ नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून बॅटरी वाचवण्यासाठी फोन निपचित पडला की अ‍ॅपची कामं लांबणीवर टाकली जातात. अँड्रॉइड १२ पासून अचूक वेळेच्या अलार्मसाठी वेगळी परवानगी लागते, अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायलाही वापरणाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. शिवाय काही फोन कंपन्या स्वतःची जास्त कडक बॅटरी-बचत वर चढवतात. म्हणून पहिला प्रयोग असा करा: एका बटणाचंही डिझाइन न करता, फक्त ठरलेल्या वेळी वाजणारं एक कच्चं अ‍ॅप तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर टाका, फोन रात्रभर तसेच पडू द्या आणि सकाळी किती वाजता वाजलं त्याची नोंद बघा. चारपैकी दोन फोन वाजलेच नाहीत, तर आराखडा आत्ताच बदलायला हवा. कदाचित अ‍ॅपऐवजी आपोआप जाणारा फोन कॉल जास्त भरवशाचा ठरेल.

धोका तांत्रिकच असतो असं नाही. ‘लोक वापरतील का’ आणि ‘कायद्याने चालेल का’ हेही तितकेच मोठे प्रश्न आहेत. आरोग्याच्या माहितीला अनेक देशांत खास संरक्षण आहे. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या नियमांत ती विशेष प्रकारची माहिती मानली जाते. पैसे, लहान मुलं, आरोग्य, रेडिओ लहरी यांपैकी कशालाही तुमची कल्पना शिवत असेल तर नियम आधी वाचा.

पायरी ५: बनवण्याआधी हाताने चालवून बघा

तंत्रज्ञान जे काम करणार आहे, ते काही दिवस माणसाने करायचं. औषधाच्या उदाहरणात तीन कुटुंबं निवडा. दोन आठवडे रोज रात्री नऊला तुम्ही स्वतः मेसेज पाठवा, उत्तर आलं की मुलीला कळवा, नाही आलं तर तेही कळवा. नोंदी साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवा. कोड एक ओळही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी कळू लागतं की आजोबा मेसेज वाचतात पण टाइप करायचा कंटाळा करतात, किंवा मुलीला रोजची हिरवी खूण नकोच आहे, तिला फक्त चुकलं तेव्हा कळायला हवंय.

ही पद्धत जुनी आणि नावाजलेली आहे. निक स्विनमर्न यांनी १९९९ मध्ये, लोक बूट इंटरनेटवरून घेतील का हे पाहायला दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानातून तो जोड विकत घेऊन पाठवायचे. त्यातून झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी उभी राहिली. आयबीएमच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, बोललेलं टाइप करणारं यंत्र लोकांना कितपत सोयीचं पडेल हे तपासलं, तेव्हा आवाज ओळखणारं यंत्र नव्हतंच. दुसऱ्या खोलीत एक टायपिस्ट बसली होती. जेफ हॉकिन्स यांनी पामपायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक बनवण्याआधी त्याच्या आकाराचा लाकडी ठोकळा खिशात बाळगला आणि तो खरा असल्यासारखा बैठकांमध्ये बाहेर काढून वापरला. किती वेळा बाहेर काढावासा वाटतो आणि कशासाठी, हे त्यातून कळलं.

एक पथ्य पाळा. लोकांच्या तब्येतीशी किंवा पैशांशी संबंध असेल तर मागे माणूस काम करतोय हे त्यांना आधीच सांगा.

पायरी ६: बारीक पण सलग आवृत्ती बनवा

आता बांधायला घ्या. एक-एक विभाग पूर्ण करत जाऊ नका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाणारा सगळ्यात बारीक धागा ओवा: एक ठरलेली वेळ, एक आठवण, एक बटण, समोरच्या फोनवर एक खूण. वेळ कोडमध्येच लिहिलेली चालेल, लॉगिन नसलं तरी चालेल, दिसायला ओबडधोबड चालेल. पण एका फोनवर दाबलेलं दुसऱ्या फोनवर दिसायला हवं. असा धागा तयार झाला की पुढचं प्रत्येक काम चालू असलेल्या गोष्टीत घातलेली भर असते, आणि कधीही थांबलात तरी हातात काहीतरी चालतं राहतं.

साधनांबद्दल थोडक्यात. कोडिंग येत नसेल तर नो-कोड साधनं (कोड न लिहिता अ‍ॅप बनवू देणारी), स्प्रेडशीट आणि ऑनलाइन फॉर्म यांवर पहिली आवृत्ती बरेचदा निभावते. एआयकडून कोड लिहून घेणार असाल तर जरूर घ्या. स्क्रीन फार लवकर तयार होतात. मात्र तिसऱ्या पायरीतली यादी त्याला द्या, कारण तुम्ही जे ठरवलं नाही ते तो स्वतःच्या मनाने ठरवतो आणि बऱ्याचदा सांगतही नाही. ‘माहीत नाही’ ही तिसरी स्थिती तुम्ही मागितली नाहीत, तर बहुधा ती मिळणार नाही. पहिल्या दिवसापासून गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) वापरा, एकटे असलात तरी. काल चालणारं आज मोडलं तर मागे जाता येतं.

वस्तू बनवत असाल, उदाहरणार्थ झाकण उघडल्याची नोंद करणारी डबी, तर ब्रेडबोर्डवर (झाळकाम न करता तारा खोचून सर्किट जोडायची पट्टी) अर्डुइनो किंवा ईएसपी३२ यांसारखा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड लावून सुरुवात करा. पण ब्रेडबोर्डवर चालणारी वस्तू आणि शंभर जणांच्या घरात चालणारी वस्तू यांच्यात फार मोठं अंतर असतं. वाय-फायवरून माहिती पाठवताना ईएसपी३२ शेकडो मिलिअँपिअर खेचू शकतो आणि गाढ झोपेत काही मायक्रोअँपिअरवर येतो. बॅटरी दोन दिवस चालणार की काही महिने, हे तो किती वेळा जागा होतो यावर ठरतं. हा हिशोब कागदावर आधी करा. सर्किट बोर्ड, साचे, प्रमाणपत्रं यांचा खर्च त्यानंतरचा.

पायरी ७: कुणाला सांगायचं, कुणाला बरोबर घ्यायचं

‘कल्पना चोरली जाईल’ या भीतीने नवखे लोक महिनोन्महिने कुणाशी बोलत नाहीत. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट मिळत नाही. तो लिहिलेल्या कोडला, चित्राला, मजकुराला मिळतो. पेटंटसाठी नवीन आणि प्रत्यक्षात आणता येईल असा शोध लागतो, आणि त्याची मुदत साधारणपणे अर्ज केल्यापासून २० वर्षं असते. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा: तुमच्याकडे खरोखर पेटंटजोगा शोध असेल तर तो जाहीर करण्याआधी अर्ज करा. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यावरही एक वर्षाची सवलत आहे. युरोपात सहसा तशी सवलत मिळत नाही. औषधाची आठवण देणाऱ्या अ‍ॅपसारख्या कल्पनेत असं काही नसतं, तेव्हा मोकळेपणाने बोला. न बोलण्याने होणारं नुकसान जास्त मोठं आहे.

भागीदार घेताना ‘कल्पना माझी, काम तुझं’ अशी वाटणी करू नका. ती टिकत नाही, आणि मला ती न्याय्यही वाटत नाही. कोण दर आठवड्याला किती तास देणार, कोडची मालकी कुणाची आणि एकाने सोडलं तर काय, हे सुरुवातीलाच लिहून काढा. बाहेरून काम करून घेणार असाल तर कोड, डोमेन आणि सर्व्हरची खाती तुमच्याच नावावर ठेवा. बॅबेज यांचे कारागीर क्लेमेंट काम सोडून गेले तेव्हा खास बनवलेली हत्यारंही त्यांच्याकडेच राहिली होती, कारण त्या काळच्या रिवाजाने ती कारागिराची असत.

पायरी ८: लोकांच्या हातात द्या आणि गप्प बसा

पाच माणसं पुरतात. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी समोर येतात. समोर बसा, ‘आजची गोळी घेतल्याची नोंद करा’ एवढंच सांगा आणि तोंड बंद ठेवा. त्यांचं बोट कुठे अडखळतं ते बघा. ‘इथे दाबा’ असं सांगावंसं वाटेल, नेमकी तीच जागा वहीत लिहा. पाच जणांनंतर दुरुस्ती करा आणि दुसऱ्या पाच जणांना बोलवा.

मग राहतं ते बाहेरून न दिसणारं काम: पासवर्ड विसरला तर, फोन बदलला तर, सर्व्हर रात्री बंद पडला तर, माहितीचा बॅकअप, गोपनीयता धोरण, खातं पुसायची सोय. याला वेळ लागतो आणि तो सगळे जण कमी धरतात. गुगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस चाचणीत ठेवलेलं असावं लागतं. ही १२ माणसं शेवटच्या आठवड्यात शोधू नका. पाचव्या पायरीतली कुटुंबं इथे उपयोगी पडतात.

थांबायचं कधी

हे सुरुवातीलाच ठरवा, कारण मध्ये कधी ठरवायला बसलात तर मन मानत नाही. उदाहरणार्थ: ‘हाताने चालवलेल्या दोन आठवड्यांनंतर तीनपैकी एकाही कुटुंबाने पुढे चालू ठेवा असं म्हटलं नाही, तर या रूपात थांबायचं.’ आकडा आणि तारीख लिहून एखाद्या मित्राकडे ठेवा.

थांबलात तर वही टाकून देऊ नका. चेस्टर कार्लसन यांनी कोरड्या पद्धतीने पहिली छायाप्रत काढली ती २२ ऑक्टोबर १९३८ रोजी. पुढे कितीतरी कंपन्यांनी त्यांना परत पाठवलं, आणि कचेरीत सहज वापरता येईल असं झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात आलं १९५९ मध्ये. कागदाला चिकटणारी पूड, प्रकाशाला दाद देणारा पृष्ठभाग, यंत्राचा वेग असे सुटे प्रश्न त्या मधल्या काळात एकेक करून सुटले. तुमच्या वहीत ‘कुठे अडलं’ हे नेमकं लिहिलेलं असेल, तर ती अडचण दूर झाल्याची बातमी वाचाल त्या दिवशी तुम्हाला ओळखता येईल. म्हणून शेवटच्या पानावर तीन ओळी लिहा: काय चाललं, काय चाललं नाही आणि कोणती एक गोष्ट बदलली तर हे काम पुन्हा हातात घ्याल. खाली तारीख घाला.